अनुक्रमणिकेपासून सूचीपर्यंत : बालकांचे माहितीलेखन

विदर्भातील उन्हामुळे आपल्याकडील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून काही दिवस उशिरा, म्हणजे जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतर पंधरवडा उलटत नाही तोच घराघरांत ‘प्रोजेक्ट’ या शब्दाचा उच्चार सुरू होतो. विषय ‘पाणी’ असो, ‘आपले सण’ असो की ‘वाहतुकीची साधने’ असो, कार्यपद्धती ठरलेली असते. वडील दुकान वाढवून परतताना स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रांचा तक्ता आणतात, आई रात्री दहा वाजता ती चित्रे कापते, मोठे भावंड मोबाईलवरून मजकूर शोधून देते आणि ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे ते सात-आठ वर्षांचे मूल डिंकाची बाटली हातात धरून पेंगत असते. दुसऱ्या दिवशी वही वर्गात जमा होते. तिच्यावर ‘सुंदर’ असा शेराही पडतो. पाण्याविषयी त्या मुलाला काल जे ठाऊक होते, तेवढेच आजही ठाऊक असते.

गेल्या काही महिन्यांत बचत, विमा, वारसपत्र असे विषय या स्तंभात झाले. आज थोडी वेगळी वाट धरावी असे वाटते. अर्थात निवृत्त बँक अधिकाऱ्याची वाट फिरून हिशेबाकडेच येते, हे नियमित वाचक जाणतात. प्रश्न असा आहे, की आपली लहान मुले जे लिहितात त्यात खरे किती असते?

कथा आणि कविता यांचे स्थान निर्विवाद आहे. मुलांनी परीकथा लिहाव्यात, बोलणारे पोपट आणि रुसलेले ढगही लिहावेत. मात्र जगातील एखाद्या वस्तूविषयी, व्यवहाराविषयी वा ठिकाणाविषयी खरी माहिती दुसऱ्याला समजेल अशा रीतीने लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे मुलाच्या हाती एकच साचा दिला जातो, तो म्हणजे निबंध. हा निबंधही तयार पुस्तकातून पाठ केलेला असतो. ‘माझी आजी’ या निबंधातील आजीचे केस चांदीसारखे पांढरे असतात, ती पहाटे उठते आणि रात्री गोष्टी सांगते. ज्या मुलाची आजी केस काळे करते, स्कूटर चालवते आणि दुपारी दुकानाच्या गल्ल्यावर बसते, ते मूलही हेच लिहिते, कारण गुण या वाक्यांना आहेत. लिहायचे म्हणजे आपण पाहिले त्याहून काही निराळेच लिहायचे असते, असा समज त्या वयात पक्का होतो. शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा ही गोष्ट मला कितीतरी गंभीर वाटते. ऱ्हस्व-दीर्घ पुढे सुधारता येतात. डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवून ऐकीव वाक्य कागदावर उतरवण्याची सवय मात्र सहसा सुटत नाही.

ती सुटत नाही, हे मी नोकरीच्या काळात टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. कर्जासाठी येणारा व्यापारी समोर बसून बोलू लागला, की पाच मिनिटांत त्याचा सारा धंदा डोळ्यांपुढे उभा राहत असे. माल कोठून घेतो, उधारी किती दिवसांची, कोणत्या महिन्यात पैसा अडकतो, कोणता माल पडून राहतो, सर्व काही. त्याच गृहस्थाने सोबत जोडलेला प्रकल्प अहवाल उघडला, की चाळीस पानांत यांपैकी एकही गोष्ट सापडत नसे. देशाच्या अर्थव्यवस्थेवर चार पाने, उद्योगाच्या उज्ज्वल भवितव्यावर सहा पाने, आणि मागितलेली रक्कम नेमकी कशासाठी हवी ते शोधण्यास अर्धा तास. एकदा तर पिठाच्या गिरणीच्या अहवालात मध्येच डाळ मिल अवतरली. अहवाल तयार करून देणाऱ्याने जुन्या मजकुरातील नावे बदलली होती आणि एका पानावरचे बदलायचे राहून गेले होते. अर्जदार अडाणी होता असे नव्हे, चांगला पदवीधर होता. आपल्याला जे ठाऊक आहे तेच लिहायचे असते आणि ते आपल्यालाच लिहिता येते, हे त्याला शाळेपासून कोणी सांगितलेले नव्हते.

वास्तविक व्यापारी घराला ही विद्या परकी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या आठवून पाहाव्यात. वहीच्या पानाला सळ पाडून रकाने केलेले असत. शाईने रेघ मारण्याची गरज नव्हती, घडीच रेघेचे काम करी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोजमेळात व्यवहार जसा घडला तसा तारखेच्या क्रमाने लिहिला जाई आणि खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्याखाली जाई. प्रत्येक खात्याला मथळा असे. रोजमेळातील नोंदीपाशी खतावणीचे पान लिहिलेले असे, म्हणजे शंका आली तर बोट ठेवून थेट तेथे जाता येई. मथळा, रकाना, पानाचा हवाला आणि खात्यांची यादी, ही सारी साधने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहेत. आज शिक्षणशास्त्रात माहितीपर पुस्तकाची म्हणून जी अंगे सांगतात, म्हणजे शीर्षक, उपशीर्षक, अनुक्रमणिका, तक्ता, चित्राखालची ओळ, शब्दार्थ, सूची, त्यांतील निम्मी अंगे आपल्या पेढीच्या गादीवर रोज उघडली जात होती. संगणक आल्यावर ती पडद्याआड गेली. घरातील मुलांना आता बिल छापणारे यंत्र दिसते, त्यामागची मांडणी दिसत नाही.

पाठ्यपुस्तकांत मात्र ही अंगे आजही मुलांसमोर असतात. बालभारतीचे तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळे निघाले, नागपूर जिल्ह्याचे वेगळे, चंद्रपूरचे वेगळे. त्यात नकाशे आहेत, नावे घातलेली चित्रे आहेत, ‘करून पहा’ आणि ‘माहीत आहे का तुम्हांला?’ अशा चौकटी आहेत. पण धडा ‘वाचून घेताना’ चौकट ओलांडून पुढे जाण्याची आपली रीत आहे. परीक्षेला येत नाही म्हणून चौकट गाळायची, चित्र पाहून झाले म्हणून त्याखालची ओळ गाळायची, आणि अनुक्रमणिकेचे पान तर वर्षभरात एकदाही उघडायचे नाही. ज्याने ही अंगे कधी वापरली नाहीत तो ती लिहिणार कशी? आणि उलटही तितकेच खरे आहे. एकदा स्वतःच्या चार पानांच्या पुस्तकाला अनुक्रमणिका केलेले मूल दुसऱ्यांच्या पुस्तकाचे अनुक्रमणिकेचे पान आपणहून उघडते.

आरंभ कोणत्या वयात करावा, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो, की अक्षरओळख झाली की पुरे. पहिलीतील मुलाने सायकलचे चित्र काढावे आणि हँडल, चाक, घंटी अशी नावे घालून त्या त्या भागापर्यंत रेघ ओढावी. हे माहितीलेखनच आहे. जान आमोस कोमेनियस या मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञाने 1658 मध्ये न्यूरेम्बर्ग येथून ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात हीच युक्ती होती. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला, आणि शेजारच्या लॅटिन व जर्मन मजकुरात त्या त्या शब्दापाशी तोच आकडा. मुलाने आकडा धरून चित्रातून शब्दाकडे आणि शब्दातून चित्राकडे जावे. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली, या युक्तीत सुधारणा करावी असे फारसे काही सापडलेले नाही.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण. माझी नात तिसरीत आहे. माझ्या पुतण्याचे मस्कासाथ भागात डाळींचे दुकान आहे आणि सुटीच्या दिवशी तेथे जाऊन बसणे तिला आवडते. गेल्या हिवाळ्यात तिने ‘आमच्या दुकानातील तूर डाळ’ असे पुस्तक लिहायला घेतले. पहिल्या पानावर तिने लिहिले, ‘डाळ आरोग्यासाठी फार चांगली असते. आपण सर्वांनी रोज डाळ खाल्ली पाहिजे.’

मी विचारले, “हे तुला कोणी सांगितले?”

“कोणी नाही. असेच लिहायचे असते, आजोबा.”

“बरे. दुकानात बसून तू काय पाहिलेस?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एका पोत्यातली डाळ चकाकते आणि एका पोत्यातली नाही. चकाकणाऱ्या डाळीत हात घातला तर हात गुळगुळीत होतो.”

पुस्तकाचा आरंभ तिथून झाला. पहिले वाक्य आम्ही खोडले नाही. ते कोणी सांगितले ते कळेपर्यंत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले. त्यानंतर दोन आठवडे ती प्रश्न विचारत होती. तूर कोठून येते? काकाने सांगितले, की आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पेरतात, पुष्कळदा कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या ओळींमध्ये, आणि नवी तूर हिवाळ्यात बाजारात येऊ लागते. डाळ कशी होते? तुरीला तेल-पाणी लावून उन्हात वाळवतात, मग यंत्रात टरफल निघते आणि दाणा दुभंगतो. टरफल आणि तुकडे कोठे जातात? ती चुनी, जनावरांना घालतात. डाळीचे प्रकार कोणते? फटका, सव्वा नंबर आणि पुढचे. एकेका उत्तराला तिने एकेक पान दिले आणि पानाला मथळा दिला. आधी प्रत्येक पानाचा मथळा ‘तूर डाळ’ असाच होता. मी म्हटले, “मला फक्त चुनीविषयी वाचायचे आहे, कोणते पान उघडू?” तिने क्षणभर पाहिले आणि रबर घेतला. मथळा हा वाचणाऱ्याला दिलेला पत्ता असतो, हे मी समजावून सांगितले असते तर तिला कंटाळा आला असता. पान शोधायला लावल्यावर सांगण्याची गरज उरली नाही.

चित्राखालच्या ओळींनी मात्र घरात थोडी खळबळ केली. दोन पोत्यांच्या चित्राखाली तिने लिहिले होते, ‘डावीकडची डाळ पॉलिशची आहे. काका म्हणाले, चकाकणारी डाळ लवकर विकली जाते, पण ती जास्त चांगली असते असे नाही.’ पुतण्याने ते वाचले आणि त्याचा चेहरा बदलला.

“बाळा, हे कशाला लिहितेस? गिऱ्हाईक वाचेल ना.”

“पण तुम्हीच सांगितले होते ना, काका!”

मी मध्ये पडलो नाही. पुतण्या हाडाचा सज्जन आहे, दोन दिवस त्याने विषय काढला नाही आणि तिसऱ्या दिवशी तिला हाक मारून म्हणाला, “ते राहू दे. पण खाली एक ओळ आणखी लिही. मागितली तर आम्ही बिनपॉलिशची डाळही देतो.” तिने ती ओळ लिहिली. कोणाविषयी लिहिताना त्याचे म्हणणेही विचारून घ्यावे, हा धडा त्या चित्राखाली आपोआप बसला. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे, की ‘डाळ आरोग्यासाठी चांगली असते’ या वाक्याने दुकानात कोणाच्याही कपाळावर आठी पडली नसती. खऱ्या माहितीला परिणाम असतो, म्हणूनच ती लिहिताना शब्द तोलावा लागतो, आणि हे तोलणे आठव्या वर्षी जमते याचे मला मोठे नवल वाटले.

त्याच पुस्तकात आम्ही एक साधी पद्धत ठेवली. प्रत्येक विधानाच्या शेवटी कंसात एक अक्षर. स्वतः पाहिले असेल तर ‘पा’, कोणी सांगितले असेल तर ‘सां’, पुस्तकात वाचले असेल तर ‘वा’. लेखापरीक्षकाच्या खुणांसारखीच ही खूण. गंमत अशी, की लिहून झाल्यावर ‘सां’ सर्वांत जास्त निघाले, ते पाहून ती पुन्हा दुकानात गेली आणि काही ‘सां’ बदलून ‘पा’ करून आली. ‘आरोग्यासाठी चांगली’ हे वाक्यही वर्गातील पुस्तकात आढळल्यावर ‘वा’ ही खूण घेऊन शेवटच्या पानावरून आत आले.

सर्वांत कठीण गेली ती सूची. अनुक्रमणिका पुस्तकाच्या क्रमाने चालते, सूची वर्णमालेच्या क्रमाने. पहिली पुस्तकात काय आहे ते सांगते आणि दुसरी हवी ती गोष्ट कोठे आहे ते सांगते. हा भेद मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे आणखी एक अडचण असते. ए-बी-सीचा क्रम त्यांना झोपेतही येतो, पण च आधी की ट, हे विचारले की ती थबकतात. नातीने कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द आणि त्याची पाने, मग ‘क’पासून ‘ह’पर्यंतची अक्षरे जमिनीवर मांडून चिठ्ठ्या लावल्या. खडा पान 4 व 6, चुनी पान 5, टरफल पान 3 व 5. एका संध्याकाळी तिला वर्णमाला जेवढी आली तेवढी पाठ करून आली नव्हती.

या सूचीच्या निमित्ताने आपल्या शहराचा एक वारसा सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठीतील पहिला मोठा ज्ञानकोश ज्यांनी सिद्ध केला ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म 1884 मध्ये रायपूरचा, उच्च शिक्षण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात. मायदेशी परतल्यावर त्यांनी या कामासाठी जे ज्ञानकोश मंडळ उभे केले ते मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून, आणि ते नागपुरात. देणगीची याचना करण्याऐवजी भाग विकून भांडवल गोळा करायचे, ही त्या काळी विद्येच्या क्षेत्रात विलक्षण कल्पना होती; व्यापारी वाचकांना तिचे मोल अधिक कळेल. पुढे काम पुण्यात चालले, तरी कंपनी नागपूरचीच. एकूण 23 विभाग झाले. पहिले पाच प्रस्तावनेचे, त्यापुढील सोळा अकारविल्हे लेखांचे, आणि बाविसावा विभाग संपूर्ण सूचीचा. 1927 मध्ये केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात या उद्योगाचा इतिहास लिहिला. मला अप्रूप वाटते ते बाविसाव्या विभागाचे. हजारो पानांचा मजकूर छापून झाला, भांडवलाची ओढाताण काय ती चालूच असणार, अशा वेळी ज्यात नवे ज्ञान म्हणून एक ओळही नाही असा विभाग काढायचा, कशासाठी? तर वाचकाला हवे ते सापडावे म्हणून. नातीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, की त्यांनी किती चिठ्ठ्या केल्या असतील.

सूचीच्या जोडीला शब्दार्थांचे पान असते. आपल्या घरांच्या दृष्टीने ते मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याचे कारण भाषेत आहे. आपल्या बहुतेक मुलांची शाळा इंग्रजी, घरात कोठे मराठी, कोठे हिंदी, मारवाडी वा गुजराती, आणि दुकानात या सगळ्यांची मिसळ. अशा मुलाने फटका, चुनी, अडत, कट्टा, खतावणी, सळ हे शब्द ऐकलेले असतात. त्यांचा अर्थ लिहिण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी येत नाही. इंग्रजीत यांना नेमके प्रतिशब्द नाहीत, म्हणून शाळेच्या वहीत त्यांना जागा नाही, आणि वहीत जागा नाही म्हणून मुलाला ते शब्द कमी प्रतीचे वाटू लागतात. शब्दार्थाच्या पानावर त्यांना मानाने बसवता येते. अर्थ मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावा, कोशातून उतरवू नये. ‘चुनी म्हणजे डाळ करताना उरलेले, जे गाय खाते’ हा अर्थ मला पुरेसा वाटतो. मोठ्या माणसांनाही आधी शब्द ठरवावे लागतात, याचा दाखला मराठी विश्वकोशातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे विश्वकोशाचे काम चालू झाले, तेव्हा परिभाषेचा खंड 1973 मध्ये बाहेर पडला आणि मजकुराचा पहिला खंड त्यानंतर, 1976 मध्ये.

हे सर्व एका घरात आजोबांना रिकामा वेळ होता म्हणून झाले, शाळेत चाळीस मुलांच्या वर्गात कसे व्हायचे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु खरे काम आणि त्याविषयीचे खरे लेखन यांची सांगड शाळेत घालण्याचा मोठा प्रयत्न आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर झालेला आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. निमित्त होते तेथील मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे, म्हणजे यजमान व्यापारी समाजाची शिक्षणसंस्था होती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामात आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने तो राबवला. मुलांनी सूत कातायचे, भाजी लावायची आणि त्या कामातूनच भाषा व गणित शिकायचे. किती कातले, किती पिकले, किती विकले याची नोंद मुलांनीच ठेवायची. नयी तालीमविषयी मतभेद पुष्कळ झाले आणि सरकारी शाळांत तिचा बराचसा सांगाडाच उरला, हेही खरे. तरी सेवाग्रामात 2005 पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा त्या विचाराने पुन्हा चालू आहे. नागपूरकरांनी मुलांना घेऊन बापूकुटी पाहायला जाताना वाटेत या शाळेचीही आठवण ठेवावी. शेतातील वांगी मोजून लिहिणाऱ्या मुलाला ‘वांग्याचे महत्त्व’ यावर निबंध पाठ करावा लागत नाही.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. विषय मुलाने निवडावा आणि तो जेवढा लहान तेवढा बरा. ‘नागपूर’ हा विषय आठ वर्षांच्या मुलाला झेपणारा नाही. ‘कळमन्यात संत्र्याचा ढीग कसा लावतात’ हा झेपतो, आणि तेथे एका सकाळी नेऊन आणले तर अंबिया बहार आणि मृग बहार हे दोन शब्द तरी शब्दार्थाच्या पानावर येतीलच. विषय मुलाच्या ओळखीचा असावा, कारण त्याला आपण विचारायचे प्रश्न त्याहून अधिक ओळखीचे असावे लागतात. शिंपी, सोनार, दुकानातील जुना मुनीम, आजीचे लोणचे, घराचा पाण्याचा मीटर, सारे चालते. मोबाईल पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवावा. त्यावर माहिती मिळते हे खरे, पण ती आधी हाती आली की मूल पाहायचे थांबते. शेवटी पडताळून घेण्यासाठी तो जरूर उघडावा, आणि तेथे वेगळे काही आढळले तर मुलाने दोन्ही गोष्टी लिहाव्यात. शुद्धलेखन अखेरच्या प्रतीत पाहावे, त्याआधी लाल पेन घरात कोठेतरी हरवलेले बरे.

चित्रे मुलानेच काढावीत. वाकडी चालतील, पण नावांच्या रेघा योग्य जागी पोचल्या पाहिजेत. मोठ्यांनी वाचकाचे काम करावे, लेखकाचे नव्हे. म्हणजे, “हे कसे झाले ते मला कळले नाही,” एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे. आमच्या पिढीतील आजोबांना हे गप्प बसणे अवघड जाते, हे अनुभवाने सांगतो.

कागदाचा हिशेब असा. साधे चार कोरे कागद मधोमध दुमडून एकात एक घातले आणि घडीवर सुई-दोऱ्याने शिवले, की सोळा पाने होतात. पहिले पान नावाचे, दुसरे कोरे सोडावे, तिसरे अनुक्रमणिकेचे. शेवटची तीन पाने शब्दार्थ आणि सूची यांना राखून ठेवावीत. मधली दहा पाने एका महिन्याला पुरतात. पानांचे आकडे आधी पेन्सिलीने घालावेत आणि शाई सर्वांत शेवटी, कारण मध्येच एखादे पान वाढते आणि मग सूचीतील सगळे आकडे बदलावे लागतात. नातीच्या पुस्तकात ‘डाळीला भुंगा कसा लागतो’ हे पान असेच मागाहून आले. आता तिचे दुसरे पुस्तक चालू आहे, विषय आमच्या इमारतीची लिफ्ट. ती कोणत्या मजल्यावर किती वेळ थांबते याचा तक्ता करण्यासाठी माझे घड्याळ गेला आठवडाभर तिच्याकडे आहे.